मल्लूला भ्या वाटतं

कुलूप काढून मी आत पाऊल टाकलं तर मागची खिडकी उघडी होती. सकाळी मीच ती लावून गेले होते. माझी पोरगी प्राजू खिडकीखाली भिंतीला टेकून बसली होती आणि मोरीत बादली पालथी पडली होती.

"प्राजे, पाणी कुठं गेलं?"

तिने पालथ्या बादलीकडे बघितलं.

कामावर जाताना मी ती बादली काठोकाठ भरून ठेवली होती. आमच्या इनामपट्टीला तेव्हा टँकरचं पाणी. तोही कधी यायचा, कधी नाही. दिवसभर बेदाण्याच्या शेडमध्ये बसून आलेली मी, घशाला कोरड पडलेली. मी तिच्या पाठीत धपाटा घातला. ती रडली नाही, नुसतं तोंड फिरवून माझ्याकडे बघितलं. तेव्हा मला तिचं डोकं दिसलं.

कुणीतरी तिच्या दोन वेण्या घातल्या होत्या. मधोमध सरळ भांग काढून, पाण्याचा हात लावून, चापूनचोपून घातलेल्या वेण्या. टोकाला जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या. मी सकाळी निघाले तेव्हा पोरगी झोपेत होती, केसांचं नुसतं टोपलं झालेलं. दाराला कुलूप होतं आणि किल्ली दिवसभर माझ्या कमरेला होती.

"कुणी घातल्या गं?"

ती चिंधीशी खेळत राहिली.

"बोल की. आन पाणी का सांडलंस?"

"मल्लूला भ्या वाटतं," ती म्हणाली.

मल्लू जाऊन दीड महिना झाला होता.

मल्लू हा वस्तीतल्या हिराक्काचा पोरगा. प्राजूपेक्षा वर्षाने मोठा, चार वर्षांचा. दोघं एकाच पाळणाघरात वाढली. आमच्या वस्तीतल्या झाडून सगळ्या बायका बेदाण्याच्या शेडवर जायच्या. समोर बेदाण्याचा ढीग ओतलेला असायचा, त्यातल्या काड्या काढायच्या, काळा वेगळा, पिवळा वेगळा, हिरवा वेगळा करायचा. माझा नवरा ट्रकवर होता, महिनामहिना घरी नसायचा. हिराक्काचा ऊसतोडीच्या टोळीबरोबर फिरायचा. आमचं तसं बरं चाललं होतं, कारण समाजमंदिरात विमलबाईंचं पाळणाघर होतं. सरकारचं अनुदान यायचं त्यावर ते चालायचं. सकाळी पोर नेऊन सोडायचं, संध्याकाळी आणायचं. दुपारी पोरांना खिचडी मिळायची, मग सगळी ओळीने सतरंजीवर झोपायची. आम्ही काड्या निवडताना पोरांचा विचारही करायचो नाही. ते किती मोठं सुख होतं ते तेव्हा कळलं नाही.

मग अनुदान यायचं थांबलं. का थांबलं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. विमलबाईंनी दुकानदाराकडून उधारीवर तांदूळ-डाळ आणून काही महिने रेटलं. शेवटी एक दिवस त्यांनी समाजमंदिराला कुलूप घातलं आणि पदराने डोळे पुसत घरी गेल्या. पोरांना काही समजलं नाही. दुसऱ्या दिवशीही त्यातली तीन-चार आपल्या आपण चालत गेली आणि बंद दारासमोर पायरीवर बसून राहिली. शेडवर जाताना आम्ही ते बघितलं. तशाच पुढे गेलो.

आम्ही पोरं शेडवर न्यायला लागलो. लहानांना साडीने खांबाला बांधायचो, मोठी इकडेतिकडे फिरायची. बेदाण्याला देतात त्या गंधकाच्या धुरीने त्यांचे डोळे लाल व्हायचे. शेडच्या मागे द्राक्षं वाळवायच्या जाळ्या धुवायचा हौद होता. एका दुपारी हिराक्काने मल्लूला हाक मारली आणि तो आला नाही.

पुढचं मी सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी मालकाने गेटवर उभं राहून सांगितलं, पोरं आत आणायची नाहीत. मग ज्यांच्या घरात म्हातारी माणसं होती त्यांनी पोरं त्यांच्याकडे टाकली. माझ्या घरामागे राहणाऱ्या शालनने आपल्या थोरल्या पोरीला, सुजाताला, पाचवीतून काढून धाकट्याला सांभाळायला घरी बसवलं. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. मी भाकरी फडक्यात बांधून, पाणी भरून, पोरीला आत ठेवून कुलूप घालायला लागले. पहिले चार दिवस ती दाराला धडका मारून ओरडायची. वळणापर्यंत ऐकू यायचं. पाचव्या दिवशी ओरडली नाही. ते जास्त वाईट होतं.

आणि आता या वेण्या.

शालनला मी दुसऱ्या दिवशी शेडवर सांगितलं. तिचे हात बेदाण्यातच थांबले.

"मल्लूचं नाव घेतलं तिनं?"

"व्हय."

"मालन, ते पोर सोबत शोधतंया. एकटं गेलंय न्हवं ते. दोगं एका ताटात खायाची." तिने आवाज खाली आणला. "लिंबू उतरून टाक. न्हाईतर देवऋषाकडं जाऊ."

"वेण्या कुणी घातल्या मग? मल्लूला वेणी घालता येत हुती व्हय?"

शालन पुन्हा काड्या काढायला लागली. मी लिंबू उतरून तिठ्यावर टाकलं. संध्याकाळी घरी आले तर बादली पालथी आणि वेण्या घातलेल्या.

हे रोज व्हायला लागलं. मी खिडकीची कडी लावून जायचे, ती उघडलेली असायची. प्राजूचा हात कडीला पोचत होता, म्हणजे तीच उघडत असणार. पण खिडकीला लोखंडी गज होते. त्यातून मांजर येईल, माणूस नाही. एक दिवस काडेपेटी सापडेना. शेवटी ती खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर मिळाली, प्राजूचा हात पोचणार नाही इतकी लांब. मी पाणी कळशीत ठेवून बघितलं, तर कळशी रिकामी. पातेल्यात ठेवलं, तर पातेलं रिकामं. फक्त एक तांब्या तेवढा भरलेला राहायचा.

प्राजूला मी किती परीने विचारलं. गोड बोलून, दरडावून. एकदा हातातलं लाटणं उगारून. ती डोळे मोठे करून बघायची आणि एवढंच म्हणायची, "मल्लूला भ्या वाटतं."

तिच्यात फरक पडला होता, तो मला भिववत होता. ती रडायची थांबली होती. सकाळी मी कुलूप घालताना पूर्वी माझ्या साडीला लोंबकळायची, आता दाराकडे पाठ करून खिडकीखाली जाऊन बसायची. जणू माझी जायची वाट बघत होती. झोपेत ती मध्येच "बसले, बसले" म्हणायची आणि मान ताठ करायची. मी तिला कुशीत ओढायचे तेव्हा मला वाटायचं, हिच्या दुसऱ्या बाजूलाही कुणीतरी झोपलंय.

काम सोडायचा विचार मी शंभरदा केला. पण सोडून खायचं काय? वस्तीत माझ्यासारख्या सगळ्याच होत्या. रोज सकाळी प्रत्येकीच्या मनात एकच विचार, तो कुणी तोंडाबाहेर काढत नव्हतं. आम्ही नुसत्या भराभर चालायचो.

हिराक्काशी आमचं बोलणं तुटलं होतं. ती शेडवर यायची बंद झाली होती. दिवसभर वस्तीतून फिरायची, कुणाचंही पोर दिसलं की थांबून बघत राहायची. नवरा मल्लूच्या दिवसकार्यापुरता आला आणि परत गेला. बायका म्हणायच्या, तिचं डोकं फिरलंय, तिच्या नजरेला पोरं पडू देऊ नका. शालनने तर एकदा तिला दारातून हाकलून लावलं होतं. मी हाकललं नाही, पण ती समोरून आली की मीही प्राजूला पदराखाली घ्यायचे.

मग एका संध्याकाळी मी दार उघडलं आणि प्राजूच्या अंगावर मल्लूचा शर्ट होता.

पिवळा, खिशावर लाल ट्रॅक्टर. जत्रेत घेतलेला. तो शर्ट मी ओळखला नसता तर कुणी ओळखला असता? पाळणाघरात तो रोज डोळ्यांसमोर असायचा. तिच्या गुडघ्याच्या खाली येत होता आणि ती खुशीत होती.

"कुणी दिला ह्यो?"

"मी शी केली. फराक घाण झाला."

"कुणी दिला?"

तिने शर्टाचा खिसा मुठीत धरला. मग हळूच म्हणाली, "सांगितलं तर तू खिडकी बंद करशील."

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखं कुलूप घातलं, बायकांबरोबर वळणापर्यंत गेले आणि पोटात दुखतंय म्हणून मागे फिरले. शालनच्या घराची मागची पडवी आणि माझी खिडकी समोरासमोर होती, मध्ये चिंचोळा बोळ. पडवीत सुजाता धाकट्याला मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून ती उठली.

"काकी, तू तिला मारणार हाईस का?"

"कुणाला?"

सुजाताने ओठ घट्ट मिटले. म्हणजे हिला माहीत होतं. रोज इथे बसून ही बघत होती. मी पडवीतल्या सरपणाच्या आडोशाला बसले.

ऊन बोळात उतरलं तेव्हा हिराक्का आली. हातात गाठोडं. खिडकीखाली एक दगड होता, त्यावर ती चढून उभी राहिली आणि गजातून हाक मारली, "प्राजे."

आतून कडी सरकली. ती माझ्या पोरीची लगबग माझ्या कानाला कळली.

"आधी बादली," हिराक्का म्हणाली.

बादली फरशीवर घासत ओढल्याचा आवाज आला. मग मोरीत पाणी पडल्याचा. हिराक्का गजांना दोन्ही हातांनी धरून ऐकत होती. पाण्याचा आवाज थांबेपर्यंत तिने श्वास घेतला नसावा. डोळे मिटलेले, कपाळ गजाला टेकलेलं.

"पालथी घाल. घातलीस?"

"घातली. मल्लूला भ्या वाटतं."

"व्हय. मल्लूला लई भ्या वाटतं. प्यायला तांब्या हाय न्हवं? बास. आता काडेपेटी दे हिकडं. चुलीत निखारा हाय का बघ. लांबनंच बघ, हात लावू नको."

मग गाठोडं सुटलं. भाकरीचे लहान लहान तुकडे गजातून आत जाऊ लागले. धुतलेला फ्रॉक आत गेला. प्राजू आतून काहीतरी बडबडत होती, सलग, न थांबता, जशी ती माझ्याशी कित्येक दिवसांत बोलली नव्हती. हिराक्का मध्ये मध्ये "हं, मग?" म्हणत होती.

"बस आता. पाठ कर. हलू नको."

प्राजू खिडकीला पाठ लावून डब्यावर बसली असणार, कारण तिचं डोकं गजापाशी दिसलं. हिराक्काने फणी काढली. गजातून मनगटापर्यंत हात आत घालून ती एकेक बट सोडवू लागली. गजामुळे हात वळत नव्हता, तरी घाई नव्हती. ती गुणगुणतही नव्हती. नुसती बघत होती, त्या केसांकडे.

मी कधी उठले मला कळलं नाही. बोळात जाऊन उभी राहिले.

"हिराक्का."

ती दचकली नाही. फणी तशीच धरून माझ्याकडे वळली. "आज कामावर न्हाई गेलीस मालन?"

मला ओरडायचं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच. "माझं पाणी कशाला सांडतीस?"

"बादलीत पोर बुडतं."

"बादलीत?"

"त्या हौदात मांडीएवढंच पाणी हुतं," ती म्हणाली. "मी उतरले न्हवं का. मांडीएवढंच. मला वाटायचं, एवढ्याशा पाण्यात काय हुतंया. रोज बघत हुते मी तो हौद, आन रोज वाटायचं, एवढंच तर पाणी हाय."

आतून प्राजूने विचारलं, "झाली वेणी?"

"एक ऱ्हायलीय," हिराक्का म्हणाली आणि परत वळली. मी उभी राहिले. तिने दुसरी वेणी घालून चिंधीची गाठ मारली. माझ्या डोळ्यांसमोर ते सगळे धपाटे येत होते जे मी पाण्यासाठी पोरीला घातले होते. तिने ते खाल्ले होते आणि सांगितलं नव्हतं. खिडकी बंद होऊ नये म्हणून.

मी पुढच्या दाराला जाऊन कुलूप काढलं. परत येऊन किल्ली हिराक्कासमोर धरली.

"उद्यापासनं आत येऊन बस. गजातनं कशाला?"

तिने हात मागे घेतला. "लोकं तुला काय म्हंतील?"

"मला पोरगी हाय, लोकांस्नी न्हाई."

"मी एक पोर सांभाळलं न्हाई, मालन."

"तू सांभाळलं न्हाईस का सांभाळायची जागा बंद झाली?" मी म्हणाले. हे वाक्य मी आधी कधी मनातही म्हटलं नव्हतं. तिने किल्ली घेतली.

शालन माझ्याशी भांडली. म्हणाली, उद्या काही झालं तर आमच्या दारात रडायला येऊ नको. पण दोन-तीन दिवसांत सुजाता धाकट्याला घेऊन माझ्या खोलीत जाऊन बसायला लागली आणि शालनने ते बघून न बघितल्यासारखं केलं. मग आणखी एकदोघींनी तसंच केलं. सकाळी कामावर जाताना पोराला माझ्या दाराच्या दिशेने सोडायचं आणि मागे न बघता पुढे जायचं. म्हणजे उद्या कुणी विचारलं तर आपण दिलं नव्हतं म्हणता येईल.

असे काही दिवस गेले. मग ती संध्याकाळ आली.

आम्ही शेडवरून परतलो तर माझं दार सताड उघडं. आत कुणी नाही. पाण्याचा टिपूस नाही, माणूस नाही. शालनच्या घरात सुजाता नाही, धाकटा नाही. बोळापलीकडच्या राधिकाची जुळी नाहीत. कुणीतरी ओरडलं, "नेली! हिरीनं पोरं नेली!" आणि सगळी वस्ती एकदम बाहेर आली.

मी विहिरीकडे पळाले. का पळाले विचारू नका. सगळ्या आयांचे पाय तिकडेच वळले. विहिरीच्या काठावर आम्ही ओळीने वाकून उभ्या होतो. खाली हिरवं पाणी आणि त्यात आमचीच तोंडं. शालनने माझा दंड धरला होता, तिची नखं आत रुतली होती. ती म्हणत होती, "तूच दिलीस किल्ली. तूच दिलीस." त्या वेळी मला ते खरं वाटलं. आजही कधी कधी जाग येते तेव्हा मी त्या काठावरच असते.

सरपंचाचा पोरगा मोटारसायकलवर आला म्हणून कळलं. पाळणाघराचं अनुदान बघणाऱ्या तालुक्याच्या ऑफिसातून, सुटायच्या वेळेला, फोन आला होता. पोरं तिथे होती.

टेम्पोत बसून आम्ही गेलो, पाच-सहा बायका आणि काठ्या घेतलेले दोघे-तिघे बापे. ऑफिस सुटायची वेळ होऊन गेली होती, पण व्हरांड्यातले दिवे चालू होते. पोरं भिंतीला टेकून ओळीने बसली होती. प्रत्येकाच्या हातात बिस्किट. तोंडं धुतलेली, केस विंचरलेले. प्राजू मला बघून हसली. ओळीच्या टोकाला हिराक्का बसली होती, आणि तिच्यासमोर एक हवालदार आणि ऑफिसातली साहेबीण उभे होते.

"सकाळच्या एसटीने आली," साहेबीण बाई आम्हाला म्हणाल्या. त्यांचा आवाज थकलेला होता. "पोरं इथे बसवली आणि म्हणते, आया कामावर गेल्यात, संध्याकाळी न्यायला येतील, तोवर तुम्ही सांभाळा. मी सांगून दमले, वरून अनुदान आलेलं नाही, माझ्या हातात काही नाही. ती म्हणते, हातात नसू दे, डोळ्यांसमोर असू दे."

हवालदाराने वही उघडली. "पोरं पळवून आणल्याची तक्रार द्यायची का? कुणी दिली होती पोरं हिच्या ताब्यात?"

मी हिराक्काकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. पोरांकडे बघत होती, एकेकाच्या तोंडाकडे, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत.

विहिरीचा काठ अजून माझ्या पायाखाली होता. मला तिचा राग आला होता, इतका की तिला हलवून विचारावं, सांगून का नाही गेलीस. आणि तरी मी म्हणाले, "मी दिली. मीच पाठवली."

"सगळी?"

"माझी एक."

राधिकाने जुळ्यांना बखोटीला धरून उठवलं, दोघांच्या गालात एकेक चपराक मारली आणि टेम्पोकडे चालायला लागली. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात शालन पुढे आली. तिचा पदर घामाने भिजला होता.

"माझी दोन बी मीच दिल्यात," ती म्हणाली. "लिवा काय लिवायचं ते."

हवालदाराने वही मिटली. त्यालाही घरी जायचं होतं.

साहेबीण बाई हिराक्कासमोर वाकल्या. पहिल्यांदाच त्या जरा मऊ बोलल्या. "यातलं तुमचं मूल कुठलं?"

"माझं यातलं न्हाई," हिराक्का म्हणाली. "मला उशीर झाला."

बाई तशाच वाकलेल्या राहिल्या. पुढे विचारावं की नाही ते त्यांना कळत नव्हतं. विचारलं नाही ते बरं झालं.

परतताना टेम्पोत प्राजू हिराक्काच्या मांडीवर झोपली. मी तिला घेतलं नाही. शालन तिच्या शेजारी बसली होती, खांद्याला खांदा लावून, पण दुसरीकडे तोंड करून.

पाळणाघर पुन्हा सुरू झालं ते दिवाळी झाल्यावर. साहेबीण बाईंनी कागद वर पाठवला म्हणून, की तो आधीच निघाला होता म्हणून, ते मला आजही माहीत नाही. बाई स्वतः म्हणाल्या, आधीच मंजूर होतं. असेलही. तोवर पोरं माझ्याच खोलीत राहिली, हिराक्काजवळ. राधिकाची जुळीसुद्धा आठवड्याने परत आली. समाजमंदिराला रंग दिला. विमलबाई परत आल्या, त्यांच्या हाताखाली मदतनीस म्हणून दहावी शिकलेली एक पोरगी घेतली. हिराक्काचं नाव मी काढलं होतं. नियमात बसत नाही म्हणाले. तिने स्वतः काही मागितलं नव्हतं. सुजाताचं एक वर्ष गेलं, पण ती परत शाळेत बसली. आमची दारं दिवसा उघडी राहू लागली.

सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांनी एका दुपारी शेडवर माल आला नाही, आम्हाला लवकर सोडलं. प्राजूला घेऊन घरी जावं म्हणून मी समाजमंदिरात गेले. पोरं झोपली होती. नव्या सतरंजीवर ओळीने, कुणाचा पाय कुणाच्या अंगावर, कुणाचं तोंड उघडं. विमलबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या. आणि उंबऱ्याच्या बाहेर हिराक्का उभी होती.

"आत ये की गं," विमलबाई म्हणाल्या.

ती आत आली नाही. उंबऱ्यावर हात टेकून वाकली आणि पोरांकडे बघत राहिली. माझी चाहूल तिला लागली असावी, पण तिने मान वळवली नाही.

"सगळी उठतील ना?" तिने विचारलं.

विमलबाईंचा हात सुपात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "उठतील की हिरा. आता थोड्या वेळानं सगळी उठतील."

हिराक्का उंबऱ्याबाहेर खाली बसली. मी प्राजूला उठवणार होते, पण उठवलं नाही. मीही तिच्याजवळ बसले. बाहेर वाऱ्याने धूळ उडत होती.

हळूहळू पोरं जागी व्हायला लागली. आधी शालनचा धाकटा, तो उठला तो रडतच. मग जुळ्यांतला एक, मग दुसरा. मग पलीकडची दोन-तीन एकदम. प्रत्येक पोर उठून बसलं की हिराक्काचे ओठ जरासे हलायचे. शेवटी एकटी प्राजू राहिली. ती कुशीवर झोपली होती, अगदी स्थिर. हिराक्काने माझा हात धरला. तिची बोटं गार होती. मला ठाऊक होतं की पोरगी नुसती झोपली आहे, तिची पाठ खालीवर होताना मला दिसत होती, आणि तरी मीही श्वास धरून बसले.

प्राजूने डोळे चोळले. उठून बसली. इकडेतिकडे बघितलं आणि दारात आम्हा दोघींना बघून तिला जांभई आली.

हिराक्काने माझा हात सोडला. उठली, पदर सावरला आणि समाजमंदिराला वळसा घालून मोठ्या रस्त्याकडे चालायला लागली. मला वाटलं घरी निघाली. दुसऱ्या दिवशी तिच्या दाराला बाहेरून कडी होती. नंतर कळलं, ती अथणीकडे भावाच्या गावी गेली. तिथून पुढे कुठे, ते कुणालाच सांगता आलं नाही.